उपाशी ठेवणारी घार

आमच्या घरात माणसांच्या बोलण्यापेक्षा वाळलेल्या भोपळ्यांचा आवाज जास्त असायचा. जाळं पाण्यावर तरंगावं म्हणून बा भोपळे वाळवून त्यांची माळ करायचा आणि ती माळ ओसरीच्या आढ्याला टांगलेली असायची. जरा वारा सुटला की भोपळे एकमेकांवर आपटत, टुक टुक करत. त्याखाली बसून बा फाटलेलं जाळं सांधायचा, दोरा दातात धरून, त्यामुळे बोलायचं असलं तरी त्याला बोलता येत नसे. माय चुलीशी. सकाळी शिळ्या भाताची पेज आणि मिरची, दुपारी लाखोळीच्या डाळीचं वरण, आणि संध्याकाळी अंबाडीच्या पाल्यात शिजवलेले बारीक मासे. मोठे मासे बाजारात जायचे. त्या अंबाडीचा आंबट वास आणि ओल्या जाळ्याचा वास एकमेकांत मिसळून जो एक वास व्हायचा, तो मला अजून कधी कधी येतो, बल्लारपूरच्या क्वार्टरमध्ये, काही कारण नसताना.

आम्ही ढिवर. वैनगंगेच्या अलीकडच्या त्या मुलखात गावागावाला तळं आहे आणि तळ्यातला मासा हीच आमची शेती. मी मॅट्रिकला नापास झालो त्या वर्षी बाने मला काही म्हटलं नाही. फक्त दुसऱ्या दिवशी सकाळी खुंटीवरचं फेकजाळं काढून माझ्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "चाल." त्यानंतर दोन महिने तो मला तळ्याच्या पाळीवर उभा करी आणि स्वतः डोंग्यात, त्या लहान लाकडी होडीत, बसून राही. फेकजाळं हवेत ताटासारखं उघडलं पाहिजे. माझं ओल्या लुगड्यासारखं पडायचं. मी बाच्या तोंडाकडं पाहायचो. बा पाण्याकडं पाहायचा. हात कसा धरायचा, कंबर कधी फिरवायची, एक शब्द सांगेल तर शपथ. एकदा मी रडकुंडीला येऊन म्हणालो, "सांग ना गा बा, कसं टाकू?" तर म्हणाला, "सांगून आलं असतं तं म्या पुस्तक नसतं लेह्यलं?" आणि स्वतःच्या बोलण्यावर स्वतःच हसला. मला त्याचा भयंकर राग आला. बाप इतका कोरडा असू शकतो, असं वाटायचं. हे आधी सांगतो, कारण पुढं मी जे केलं त्याचं मूळ त्या रागात होतं. सबब म्हणून नव्हे, खरं ते सांगायचं म्हणून.

तळ्याच्या वरच्या अंगाला, जिथं ओढा येऊन मिळतो, तिथं पाण्यावर झुकलेलं एक जुनं येनाचं, म्हणजे ऐनाचं, झाड होतं. त्यावर घारीचं घरटं. पुस्तकात त्या पक्ष्याला मत्स्यगरुड म्हणतात हे मला फार उशिरा कळलं. आम्ही तळ्याची घार म्हणायचो. करड्या डोक्याची, पोटाखाली पांढरी, आणि तिचा आवाज असा की नवख्या माणसाच्या अंगावर काटा यावा, जणू कुणी नरडं दाबलेलं असताना हाका मारतंय. जोडी कैक वर्षांपासून तिथं होती. बा तिला मान द्यायचा. आमच्या घरची एक रीत होती. दिवसाचा पहिला मासा, लहान असो की मोठा, हातात धरून पाण्याला लावायचा आणि सोडून द्यायचा. तो तळ्याचा वाटा. बा म्हणायचा, "आपुन एकटेच खाणारे नाई इथले." आणि असं म्हणताना तो येनाच्या झाडाकडं बघायचा.

त्या वर्षी घरट्यात एकच पिल्लू होतं. पळस फुलून गळायला लागला तेव्हा ते घरट्यातून बाहेर आलं. आधी फांदीवर, मग त्या फांदीवरून दुसऱ्या फांदीवर. रंगानं तपकिरी, छातीवर रेघोट्या, आईबापासारखं मुळीच नाही. मी पाळीवर जाळं घेऊन उभा असायचो आणि ते समोर फांदीवर. दोघेही उमेदवार. पहिल्यांदा ते पाण्यावर आलं ते माशासाठी नाही, वाळलेल्या पानासाठी. पळसाचं एक पान तरंगत चाललं होतं. पिल्लानं झाडावरून झेप घेतली, पाय पुढं केले, आणि पानाच्या एक हात पलीकडं जाऊन पडलं. पंख भिजले, कसंबसं फडफडत काठावर आलं आणि तिथं बसून आजूबाजूला बघू लागलं, कुणी पाहिलं तर नाही ना. मी मोठ्यानं हसलो. चार दिवसांनी मात्र त्यानं पान उचललं. वर नेलं, पायात धरून चोचीनं चिंध्या केल्या, टाकून दिलं, पुन्हा खाली. काडी, पान, रिकामी शेंग, जे तरंगेल ते. खेळत आहे असं मला वाटायचं. ते खेळत नव्हतं. पाण्यावरून वस्तू कशी उचलायची, एवढंच ते शिकत होतं. पण हे मला कोण सांगणार? माझ्यासमोर पाण्याकडं बघत बसलेला बाप होता.

मग एक दिवस आईनं त्याला मासा देणं बंद केलं.

म्हणजे मला तसं दिसलं. तोवर ती मासा आणून पिलाच्या पायाशी ठेवायची. आता ती मासा घेऊन यायची आणि पलीकडच्या वठलेल्या झाडावर जाऊन बसायची. पिल्लू तिच्याकडं बघून किंचाळायचं, मान खाली करून पंख थरथरवायचं, अगदी लहान असल्यासारखं. ती हलायची नाही. मासा पायाखाली दाबून बसायची. तासन्‌तास. कधी उठून पाण्यावरून एक फेरी मारायची, मासा खाली लोंबत, पिलाच्या समोरून, आणि पुन्हा जाऊन बसायची. पिल्लू मागं गेलं तर कधी द्यायची, कधी नाही. दिवसभर ते रडणं तळ्यावर भरून राहायचं. धुणं धुणाऱ्या बायाही म्हणायच्या, "काय वो बाई, कशी माय आहे थे!"

मी ते रडणं ऐकत जाळं फेकायचो आणि माझं जाळं आणखी वाकडं पडायचं.

जेवताना मी बाला म्हणालो, "बा, थे घार पिलाले उपाशी मारून राह्यली."

बा भात कालवत म्हणाला, "मारत नाई."

"आज तीन दिस झाले. म्या पाह्यलं ना आपल्या डोळ्यानं. मासा घेऊन बसते आन् देत नाई."

"तुले काऊन एवढी पडली? तिचं पोट्टं आहे, तिले कळते." थोडा वेळ तो काटे काढत राहिला, मग म्हणाला, "आन् तू काई देशील-बिशील नको हं. मांगं लागंन. तळ्याचा वाटा तळ्याले. घारीनं आपला आपुन काढावा."

माय म्हणाली, "पोरगं दयाळू आहे, त्यात काय बिघडलं?"

बा हात धुवायला उठला. त्यानं मला बजावून सांगितलं होतं, हे मी इथं स्पष्ट लिहून ठेवतो. त्या एका वर्षात त्यानं मला शब्दांत शिकवलेली बहुतेक तेवढीच एक गोष्ट. तीच मी मोडली.

मंगळवारी बा आणि माय मासे घेऊन बाजाराला जात. त्या दिवशी मी एकटाच डोंगा घेऊन गेलो. पहिला मासा लागला, बोटभर लांबीचा डाडक. रीतीप्रमाणे तो पाण्याला लावला, पण सोडला नाही. त्याचं डोकं डोंग्याच्या काठावर आपटलं आणि येनाजवळच्या पाळीवर, बेशरमीच्या झुडपाआड एका बुंध्यावर तो ठेवून दिला. वल्हं डोंग्यावर दोनदा ठोकलं आणि दूर सरकलो. पिल्लू बराच वेळ मान वाकडी करून बघत होतं. मग उतरलं. मासा घेतला आणि तिथंच, माझ्यादेखत खाल्ला. मला काय वाटलं ते सांगता येणार नाही. नापास झाल्यापासून पहिल्यांदा मला मी कुणाच्या तरी कामाचा आहे असं वाटलं.

मग मी रोज जाऊ लागलो. बा दुपारी जरा आडवा व्हायचा तेव्हा. वल्ह्याचे दोन ठोके दिले की ते येई. आठ-दहा दिवसांत ते बुंध्यावर आधीच येऊन बसू लागलं. पानं उचलणं त्यानं सोडलं. कशाला उचलेल? मी ते पाहिलं होतं, पण त्याचा अर्थ लावला नाही.

हे माहीत होतं ते एका माणसाला, लालसूभाऊला. तो गोंड, गावची गुरं राखायचा आणि तळ्याच्या वरच्या अंगाला त्याची गुरं पाण्यावर यायची. एका दुपारी मी बुंध्यावर मासा ठेवत असताना तो झुडपाआडून म्हणाला, "वा रे मास्तर!"

मी दचकलो. "बाले नको सांगू गा, लालसूभाऊ."

"मी कायले सांगू? तुहा बा, तुही घार." तो खाली बसला, तंबाखू मळू लागला. "थे माय शाळा चालवून राह्यली होती. तू शाळेत खिचडी वाटाले बसला. आता पोट्टं शिकंन कायले?"

"उपाशी होतं ना पण."

"उपाशी रायते तवाच तं खाली पाह्यते." त्यानं पाण्याकडं बोट केलं. "पोट भरलेलं पाखरू पाण्यात नाई पाह्यत. तुह्याकडं पाह्यते. मिरगाच्या आंधी त्याले मासा धरता आला पाह्यजे, शंकर. आता पाणी कमी हाय, साफ हाय, मासा दिसते. एकदा पाणी गढूळ झालं का मोठ्या घारीले बी कठीण जाते. मंग हे कुठी जाईन?"

मी म्हणालो, उद्यापासून बंद करतो. आणि त्याच आठवड्यात ती गोष्ट घडली, जिच्याबद्दल मला सगळ्यात जास्त लाज वाटते. पुढं पिल्लू मेलं त्याहूनही.

सकाळची वेळ. पाळीवर मी, हातात काही नाही, खरंच बंद करायचं ठरवून आलेला. घार मोठा मासा घेऊन आली, चमकता, अजून वळवळणारा. येनाला वळसा घालून ती पाण्यावर अगदी खाली आली आणि पिलाला हाका मारत तिनं मासा सोडून दिला. तळ्याच्या मधोमध. मासा पाण्यावर पडला, पांढरं पोट वर करून अर्धमेला तरंगू लागला. इतका सोपा मासा त्या पिलाला जन्मात मिळाला नसता. आईनं तो मुद्दाम तसा करून आणला होता. पिल्लू फांदीवरून उठलं.  पाण्यावर आलं, माशावरून गेलं, आणि सरळ माझ्यासमोरच्या बुंध्यावर येऊन बसलं. माझ्याकडं बघून त्यानं पंख थरथरवले.

आणि मला आनंद झाला. आईला सोडून ते माझ्याकडं आलं, याचा आनंद. मी खिशात कालचा राहून गेलेला सुकलेला मासा काढून त्याला दिला.

घारीनं दोन फेऱ्या मारल्या. मग तो मासा स्वतःच उचलला आणि वठलेल्या झाडावर बसून एकटीनं खाल्ला. त्यानंतर तिनं पिलासाठी मासा आणलेला मी पाहिला नाही.

मिरग लागला. ओढा लाल पाणी घेऊन आला आणि आठ दिवसांत तळं पसरलं, पाळीपर्यंत चढलं, चहासारखं झालं. माझा बुंधा बुडाला. तेव्हा मला लालसूभाऊचं बोलणं आठवलं आणि मी घाबरलो. ज्या रागानं मी घारीला कठोर म्हटलं होतं, तोच कठोरपणा आता मी करू पाहत होतो, आणि मला तो येत नव्हता. मी पिलाला दोन दिवस उपाशी ठेवलं. मग जिवंत मासा दोऱ्याला बांधून उथळ पाण्यात सोडला. ते वल्ह्याच्या ठोक्यावर यायचं, काठावर बसायचं, माझ्या हाताकडं बघायचं. मी हात मागं लपवायचो. ते मागं बघायचं. तिसऱ्या दिवशी त्यानं पाण्यावर झेप घेतली, पण मासा खाली होता आणि त्याला खोल बघायची सवयच नव्हती. रिकाम्या पायांनी परतलं. छातीचं हाड वर आलेलं मला दुरून दिसत होतं. मला राहवलं नाही, मी पुन्हा मासा दिला. म्हणजे धड माया नाही, धड शिकवण नाही. त्याचं त्याला जे येत होतं ते मी मोडलं होतं आणि दुसरं काही देणं मला जमत नव्हतं.

त्याच दिवसांत बाने उभं जाळं लावायला काढलं. दोन बांबूंच्या मधे पाण्यात उभं राहणारं नायलॉनचं जाळं. संध्याकाळी लावायचं आणि सकाळी काढायचं, मासे त्यात कल्ल्यांनी अडकतात. पावसाळ्यात मासा ओढ्याच्या तोंडाकडं चढतो, म्हणून जाळं तिथंच लावायचं, येनाच्या झाडासमोर. डोंग्यात बसून मी भोपळे सोडत होतो आणि मला माहीत होतं. अडकलेला मासा पाण्यावर चमकतो, हे मला माहीत होतं. ते पिल्लू वल्ह्याच्या आवाजावर येतं, हेही मला माहीत होतं. "बा, इथी नको लावू," एवढंच म्हणायचं होतं. पण बा विचारणार, काऊन? आणि मग सगळंच सांगावं लागणार. मी भोपळे सोडत राहिलो.

सकाळी झिमझिम होती. आम्ही जाळ्याच्या एका टोकाला पोचलो आणि बा जाळं वर घेऊ लागला. मासे काढताना माझं वल्हं डोंग्याच्या काठावर आपटलं. एकदा, मग पुन्हा. मुद्दाम नाही. येनावरून ते उठलं. दुसऱ्या टोकाशी एक रोहू पाण्याच्या वरच्या थरात तडफडत होता, भोपळा हलत होता. पिलानं तिकडं पाहिलं. माझ्याकडं नाही, पाण्याकडं. मग पंख मिटून ते असं सरळ खाली आलं की मी तशी झेप नंतर कधी पाहिली नाही. पाय पुढं, मान मागं, अगदी आईसारखी. बा ओरडला, "पाह्य, पाह्य! मारला गा, मारला पोट्ट्यानं!" त्याचा चेहरा मी विसरणार नाही. तो इतका खूश झाला होता. आणि मीही. एक क्षणभर मला वाटलं, सुटलो.

ते वर आलं नाही. पंख पाण्यावर आपटू लागले. नखं माशासकट जाळ्यात गेली होती. ते जितकं ओढत होतं तितकं जाळं त्याच्यावर चढत होतं. आमच्यात आणि त्याच्यात अख्ख्या जाळ्याची लांबी. बा वल्हं मारायला लागला, मला तेवढाही धीर निघाला नाही, मी उडी मारली. अर्ध्यावर माझाच पाय जाळ्यात गेला. खाली ओढला गेलो, नाकातोंडात लाल पाणी. डोंगा माझ्यावर आला आणि बाचा हात माझ्या केसांत. त्यानं चाकूनं जाळं फाडलं, मला वर घेतलं, डोंग्यात पालथं पाडलं. तेवढ्या वेळात पलीकडचे पंख थांबले होते.

बाने माझ्यासाठी जाळं फाडलं होतं, पण त्या पिलाभोवतीचं जाळं त्यानं फाडलं नाही. काठावर बसून त्यानं एकेक दोरा सोडवला. त्याला बराच वेळ लागला. पंख सरळ केले, चोचीतला चिखल पुसला. रोहू अजून त्याच्या पायात होता, नखं आतपर्यंत गेलेली. मी शेजारी निथळत उभा होतो. आता सांगायचं, असं मी ठरवलं. शब्द तोंडापर्यंत आले होते. तेवढ्यात बा म्हणाला, "म्या तिथी जाळं लावायले नाई पाह्यजे होतं. झाडासमोर लावलं म्या. मीच खाल्लं त्याले." त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बाला रडताना मी पहिल्यांदा पाहत होतो.

मी गप्प राहिलो.

पिल्लू आम्ही येनाखाली पुरलं. तो रोहू बाने घरी आणला नाही, पाण्यात सोडून दिला, मेलेला. ते उभं जाळं त्यानं धुतलं, वाळवलं, घडी केली आणि माळ्यावर टाकलं. पुन्हा काढलं नाही. त्यानंतर तो फक्त फेकजाळ्यानं मासे धरायचा. त्याचा उजवा खांदा आधीच दुखायचा. माय चिडायची. "एका घारीपायी चांगलं जाळं उंदराले खाऊ घालून राह्यला?" बा म्हणायचा, "थे तळ्याची होती." पुढच्या काही वर्षांत तो खांदा इतका गेला की त्याला हात डोक्याच्या वर नेता येईना, सदरा घालायला माय मदत करायची. मी ते रोज बघत होतो. आणखी एक. त्या दिवसापासून बा पहिले दोन मासे सोडू लागला. एक तळ्याचा आणि एक घारीचा. मासा हातात घेऊन तो येनाकडं बघत पुटपुटायचा. काय पुटपुटतो ते मी कधी विचारलं नाही, कारण मला माहीत होतं. जी माफी मी मागायला हवी होती ती तो मागत होता. घारींनी दुसऱ्या वर्षी ते झाड सोडलं, कुठं गेल्या कुणास ठाऊक. बा मासे सोडत राहिला.

लालसूभाऊ एकदा मला बाजाराच्या वाटेवर भेटला. "सांगितलं बाले?" म्हणाला. मी मान खाली घातली. "सांग पोरा," तो म्हणाला, "बुढा अंदरच्या अंदर झुरून राह्यला." त्यानंतर त्यानं विचारलं नाही. पण मला पाहिलं की तो गुरं दुसरीकडं वळवायचा, एवढं मात्र खरं.

पुढं मी मॅट्रिक पास झालो, बल्लारपूरला रेल्वेत लागलो. गेली काही वर्षं मला एक छंद लागला आहे. छंद कसला, शिक्षाच. उन्हाळ्यात सुटीच्या दिवशी मी मोटरसायकल घेऊन कुठल्या तरी तळ्यावर जातो आणि घारींचं घरटं शोधतो. बायको हसते. "या वयात पाखरं मोजायले जाऊन राह्यले!" मी सकाळी बसतो तो उन्हं चढेपर्यंत. पानं उचलणारी पिल्लं मी पाहिली. मासा पायाखाली दाबून बसलेल्या आया पाहिल्या. एकदा रजा काढून गेलो होतो, एक पिल्लू चार दिवस ओरडत होतं आणि माझ्या डब्यात तळलेले मासे होते. मी डबा बंद केला आणि हात मांडीखाली घेऊन बसलो. पाचव्या दिवशी त्यानं चार बोटांचा मासा धरला, झाडावर नेताना पाडला, पुन्हा धरला. आई समोरच होती. तिनं साधं वळूनही पाहिलं नाही. ती पाण्याकडं बघत बसली होती. मी तळ्यावर एकटाच होतो, म्हणून मोकळेपणानं रडलो.

माय गेल्यावर बाला मी बल्लारपूरला आणलं. क्वार्टरच्या गॅलरीत खुर्ची टाकून तो बसायचा. गाड्यांचे आवाज त्याला आवडायचे नाहीत. शेवटच्या वर्षी त्याचं जेवण तुटत गेलं, दोन घास खाल्ले की ताट सारायचा. डॉक्टर म्हणाले, वय झालं. एका सकाळी मी त्याची नखं काढत होतो. त्याची बोटं जाडजूड, दोऱ्याच्या वळांनी कायमची चिरलेली. तो मधेच म्हणाला, "शंकर."

"हो गा बा."

"थे जाळं तिथी लावायले नाई पाह्यजे होतं म्या."

किती वर्षं झाली होती. मी नखं काढायचं थांबलो. घरात बायको कुकरच्या शिट्या मोजत होती. दुसरं कुणी नव्हतं. त्याच्याकडं फार वेळ उरला नव्हता आणि मला ते माहीत होतं. मी बोलायला तोंड उघडलं, आणि माझ्या तोंडून निघालं ते असं, "जाऊ दे ना बा. तुही काई चूक नाई त्यात."

हे खरंच होतं. मी खरं बोललो होतो, फक्त पुढचं बोललो नव्हतो. पण ते ज्या आवाजात मी बोललो, तो समजूत घालण्याचा आवाज होता. मोठ्या मनाच्या मुलाचा. बाने माझ्याकडं बराच वेळ पाहिलं. त्याचे डोळे भरले. मग त्यानं माझ्या हातातला आपला हात काढून माझ्या डोक्यावर ठेवला, दुखऱ्या खांद्यानं जेवढा उचलला जाईल तेवढा उचलून, आणि म्हणाला, "तू म्हणून राह्यला तं ठीक आहे."

दुपारी तो सुनेला म्हणाला, "बाई, भात जरासा जास्त टाक वो आज." माझ्यासमोर बसून तो सावकाश, चवीनं, शेवटच्या शितापर्यंत जेवला. असा पोटभर तो बऱ्याच महिन्यांत जेवला नव्हता.